शांतता कुणाच्या कानाशी मोजली?

आचोळे रोडवरून नालासोपारा स्टेशनकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात मागे तिघं बसतात. मधल्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, कडेच्या दोघांचा एकेक कान थेट रस्त्यावर, इंजिन मागच्या सीटखाली आणि रिक्षावाला पुढे एकटा. गाडी एकच, पण चौघांच्या कानावर पडणारा आवाज चार प्रकारचा. आजची पोस्ट या एवढ्याशा गोष्टीबद्दल आहे. एवढीशी असली तरी माझ्या थीसिसचं एक अख्खं प्रकरण तिने परत लिहायला लावलं.

माझा मामा याच रस्त्यावर रिक्षा चालवतो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझा पहिला बरा म्हणावा असा ग्राफ आला, तेव्हा मी तो घरात सगळ्यांना दाखवत सुटले होते. निळी रेघ वर, लाल रेघ खाली, मध्ये भरपूर अंतर. मामाने मोबाइल हातात घेतला, रेघा नीट बघितल्या आणि विचारलं, "एवढा आवाज कमी झाला, तो कुठल्या सीटवर गं?"

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या सिम्युलेशनमध्ये सीटच नव्हती. गाडीही नव्हती खरं तर. होती ती आकड्यांची एक यादी, आणि तिला मी 'केबिन' म्हणत होते.

तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेट-सेट देऊन आता गाइड आणि विषय शोधत असाल. वाहनांच्या केबिनमधलं अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे एएनसी, हा विषय लांबून फार देखणा दिसतो. भौतिकशास्त्र आहे, सिग्नल प्रोसेसिंग आहे, पेपर ढिगाने आहेत. पण हे पेपर निकाल कसा मांडतात यावर माझे तीन आक्षेप आहेत. तिन्ही आक्षेप माझ्या स्वतःच्या कामालाही लागू होतात, हे आधीच सांगून टाकते.

मूळ कल्पना, थोडक्यात

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. चढ असेल तिथे तेवढाच उतार पाठवला, तर दोन्ही मिळून शून्य. पॉल ल्यूग या जर्मन माणसाने १९३३ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकेतलं पेटंट त्याला १९३६ मध्ये मिळालं. माइक आवाज ऐकणार, मधली यंत्रणा तो उलटा करणार, स्पीकर तो सोडणार. पेटंटमधली पहिली आकृती एका नळीची आहे. हे लक्षात ठेवा. नळीत कमी कंप्रतेचा आवाज एकाच दिशेने पुढे जातो, त्यामुळे तिथे सगळं सोपं असतं.

कल्पना सोपी, पण अचूकता किती लागते ते कागदावर काढून बघा. दोन सारख्याच उंचीच्या लाटा बरोबर उलट्या असायला हव्यात. कलेत थोडी चूक झाली तर किती आवाज उरतो? उरलेला भाग म्हणजे त्या चुकीच्या अर्ध्या कोनाच्या साइनची दुप्पट. १० डेसिबल घट हवी असेल तर चूक १८ अंशांच्या आत पाहिजे. २० डेसिबलसाठी साधारण पावणेसहा अंश. चूक ६० अंशांवर गेली की फायदा शून्य, आणि त्यापुढे गेली की आवाज उलट वाढतो.

आता १८ अंश वेळेत मोजू. १०० हर्ट्झला ते अर्धा मिलिसेकंद होतात आणि तेवढ्यात आवाज सुमारे १७ सेंटीमीटर जातो. १००० हर्ट्झला तेच १.७ सेंटीमीटर. म्हणजे आवाज एका बाजूने आणि उलटा आवाज दुसऱ्या बाजूने येत असेल, तर १००० हर्ट्झला डोकं बोटभर हललं तरी १० डेसिबलची घट हातची जाते. एएनसी कमी कंप्रतांनाच का चालतं, याचं उत्तर या दोन ओळींच्या गणितात आहे. कमी कंप्रतेचा आवाज अडवायला फोम आणि रबर फार जाड लागतं, त्यामुळे ही विभागणी सोयीचीही पडते. वरच्या कंप्रता काच आणि फोम अडवणार, खालच्या एएनसी बघणार.

गाडीत आणखी एक सोय आहे. इंजिनाचा आवाज फेऱ्यांना बांधलेला असतो. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० स्फोट होतात, म्हणजे मुख्य आवाज १०० हर्ट्झचा. फेरे कळले की आवाज आधीच कळला. साउदम्पटन विद्यापीठाच्या इलियट, स्टोदर्स आणि नेल्सन यांनी १९८७ मध्ये एकाहून जास्त माइक आणि स्पीकर एकत्र सांभाळणारा अल्गोरिदम मांडला. १९९२ मध्ये निसानच्या ब्लूबर्डमध्ये इंजिनाच्या आवाजासाठी एएनसी विक्रीच्या गाडीत आलं. टायर आणि रस्त्याचा आवाज जास्त अवघड, कारण तो आधी कळत नाही. चाकाजवळच्या कंपनमापकांवरून तो काही मिलिसेकंद आधी पकडावा लागतो. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज नसल्याने हाच रस्त्याचा आवाज उघडा पडतो. म्हणून या विषयाला सध्या पुन्हा मागणी आहे.

पहिला आक्षेप: सगळ्यांची गाडी एकच

स्पीकरमधून निघालेला आवाज माइकपर्यंत पोचताना बदलतो. स्पीकरचा स्वभाव, मधली हवा, काच, सीट, माणसं, सगळं त्यात येतं. याला दुय्यम मार्ग म्हणतात. फिल्टर्ड-एक्स एलएमएस हा या क्षेत्रातला रोजच्या वापराचा अल्गोरिदम. हा मार्ग त्याला आधी माहीत असावा लागतो. त्याच्या अंदाजात कलेची चूक ९० अंशांपलीकडे गेली की अल्गोरिदम उलट्या दिशेने शिकायला लागतो आणि आवाज कमी करायच्या ऐवजी वाढवत नेतो.

याचा अर्थ सगळं कौशल्य हा मार्ग खऱ्या गाडीत मोजण्यात आणि तो बदलला तर काय होतं हे पाहण्यात आहे. प्रत्यक्षात काय होतं? कुओ आणि मॉर्गन यांचं १९९६ चं एएनसीवरचं पुस्तक या विषयाची बाराखडी आहे. त्यासोबत एक डिस्क यायची आणि तिच्यात मोजलेल्या मार्गांचे सहगुणक होते. नवा अल्गोरिदम सुचला की त्या डिस्कवरचे मार्ग घ्यायचे, त्यावर सिम्युलेशन चालवायचं, जुन्या अल्गोरिदमपेक्षा आपली रेघ किती खाली गेली ते दाखवायचं, अशी पद्धत पडली. असे पेपर तुम्हाला भरपूर सापडतील. माझा तो देखणा ग्राफही त्यातलाच.

यात लबाडी नाही. सगळ्यांनी एकच प्रश्न सोडवला तर तुलना नीट होते, आणि तुलनेसाठी समान मैदान लागतंच. अल्गोरिदमवरच्या कामाला मी कमी लेखत नाही. देबीप्रसाद दास आणि गणपती पांडा यांचा २००४ चा फिल्टर्ड-एस एलएमएसचा पेपर काढून वाचा. आवाजाचं गणित सरळ रेषेत चालत नाही तेव्हा काय करायचं, हा खरा प्रश्न त्यांनी घेतला आहे. भारतात बसून केलेलं आणि जगभर वापरलं गेलेलं हे काम आहे.

माझी तक्रार पुढच्या उडीबद्दल आहे. प्रस्तावनेत लिहायचं 'वाहनांतला गोंगाट ही गंभीर समस्या आहे', मध्ये डिस्कवरचं सिम्युलेशन, आणि निष्कर्षात 'सुचवलेली पद्धत वाहनांसाठी उपयुक्त आहे'. या तिन्हींमध्ये वाहन कुठेच नाही. दर स्टॉपला दार उघडणारी बस घ्या. दहा माणसं उतरली, पंधरा चढली, कुणीतरी खिडकी वर केली. दुय्यम मार्ग प्रत्येक वेळी वेगळा. डिस्कवरचा मार्ग मात्र वर्षानुवर्षं तसाच.

दुसरा आक्षेप: माइक तिथे कान नाही

पेपरमधला '१५ डेसिबल घट' हा आकडा बहुतेक वेळा एरर माइकच्या जागेचा असतो. म्हणजे अल्गोरिदमला ज्या बिंदूवर आवाज कमी करायला सांगितलं, त्याच बिंदूवर तो कमी झाला का, एवढंच आपण तपासतो. विद्यार्थ्याने स्वतःच पेपर काढावा आणि स्वतःच तपासावा, तसं हे झालं.

सगळ्या दिशांनी आवाज येतो अशा बंद जागेत माइकभोवती शांततेचा एक लहान गोळा तयार होतो. १० डेसिबल घट देणाऱ्या त्या गोळ्याचा व्यास साधारण तरंगलांबीच्या एक दशांश असतो. १०० हर्ट्झला ३४ सेंटीमीटर, म्हणजे डोकं आत मावतं. १००० हर्ट्झला ३.४ सेंटीमीटर, म्हणजे लिंबाएवढा. वर अंशांवरून काढलेलं १.७ सेंटीमीटर आठवतंय? तीच या गोळ्याची त्रिज्या. दोन वेगळ्या वाटांनी आपण एकाच ठिकाणी पोचलो.

या गोळ्याच्या बाहेर काय होतं? कधी काहीच नाही, कधी आवाज वाढतो. स्पीकर शेवटी आवाजच सोडतोय. चालकाच्या डोक्याशी तो वजा होत असेल तर मागच्या सीटवर तो अधिक होत नाही कशावरून? मामाचा प्रश्न नेमका हाच होता.

म्हणून पेपर वाचताना आकड्याआधी आकृती बघा. माइक कुठे आहेत? आणि तपासणीसाठी वेगळे माइक ठेवलेत का, ज्यांचा अल्गोरिदमला पत्ताच नाही? असे स्वतंत्र माइक नसतील तर तो आकडा शांततेचा धरू नका. अल्गोरिदमने दिलेलं काम केलं, एवढंच तो सांगतो.

तिसरा आक्षेप: कुठले डेसिबल?

हा भाग वही-पेन घेऊन वाचा.

माणसाचा कान कमी कंप्रतेला कमी दाद देतो. म्हणून मोजणीत ए-भार लावतात. १०० हर्ट्झच्या आवाजातून १९ डेसिबल वजा होतात, १००० हर्ट्झच्या आवाजातून काहीच नाही. कामाच्या जागी आवाजाचा कानाला धोका किती, हे ठरवतानाही ए-भारित डेसिबलच वापरतात.

आता हिशेबासाठी एक उघडी गाडी घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरलेत, मोजलेले नाहीत. समजा १०० हर्ट्झला ८० डेसिबल आहेत आणि उघड्या बाजूने येणारा १००० हर्ट्झचा आवाज ६५. एएनसी लावलं आणि १०० हर्ट्झला चक्क १० डेसिबल कमी केले.

भार न लावता बेरीज करा. आधी ८०.१, नंतर ७१.२. जवळजवळ ९ डेसिबलची घट! पेपरच्या सारांशात हाच आकडा जाणार.

ए-भार लावून बेरीज करा. आधी ६१ आणि ६५ मिळून ६६.५. नंतर ५१ आणि ६५ मिळून ६५.२. घट फक्त १.३. आत बसलेल्याला फरक कळेल न कळेल.

आता त्याच गाडीला काचा लावा. समजा काचेने १००० हर्ट्झचा आवाज ६५ वरून ५० वर आणला, आणि सोयीसाठी १०० हर्ट्झचा तसाच राहिला असं धरा. आता एएनसी लावल्यावर ए-भारित आकडा ६१.३ वरून ५३.५ वर येतो. घट ७.८.

अल्गोरिदम तोच, स्पीकर तोच, १०० हर्ट्झवरची कामगिरी तीच. उघड्या गाडीत १.३, बंद गाडीत ७.८. म्हणजे 'आमच्या पद्धतीने इतके डेसिबल घट' हे वाक्यच अपुरं आहे. तो आकडा एकट्या पद्धतीचा नसून पद्धत आणि केबिन या जोडीचा आहे.

जाता जाता आणखी एक. २०१९ मध्ये ह्युंदाईने रस्त्याच्या आवाजावरची आपली यंत्रणा जाहीर केली तेव्हा घट सांगितली होती ३ डेसिबल. सिम्युलेशनमधल्या २० आणि ३० पुढे ३ फार किरकोळ वाटतात. पण चालत्या, विकायच्या गाडीतला पूर्ण केबिनचा आकडा असाच लहान असतो. '३ डेसिबल म्हणजे निम्मा आवाज' असं मात्र कुठे वाचलंत तर थांबा. ऊर्जा निम्मी होते. आवाज निम्मा झाला असं कानाला वाटायला साधारण १० डेसिबल लागतात.

मागच्या सीटची आठवण ठेवणारा पेपर

नुसत्या तक्रारी केल्या तर ती समीक्षा होत नाही. म्हणून मला आवडलेला एक पेपर. होंडाच्या सानो आणि सहकाऱ्यांचा, २००१ चा. रस्त्याच्या खडबडीतपणामुळे गाडीत ४० हर्ट्झच्या आसपास ढोलासारखा जो घुमारा होतो, त्यावर त्यांनी काम केलं. गाडीतल्या ऑडिओचेच स्पीकर वापरले, सतत शिकणाऱ्या अल्गोरिदमऐवजी ठरावीक फिल्टर घेतला. पुढच्या सीटवर सुमारे १० डेसिबल घट. हे काम अकॉर्ड वॅगनमध्ये आलं.

कुणी म्हणेल, फिल्टर ठरावीक, यात नवीन काय? नवीन आहे ते मागे. पुढची सीट शांत करताना मागच्या सीटवरचा आवाज वाढू नये यासाठी त्यांनी वेगळा नियंत्रक ठेवला, आणि तसं पेपरात लिहिलं. मागे बसलेल्याला फायदा करून दिल्याचा त्यांचा दावा नाही. त्याचं नुकसान होऊ दिलं नाही, एवढंच ते म्हणतात. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हा पेपर मला साधा वाटला होता. मामाच्या प्रश्नानंतर परत वाचला, तेव्हा कळलं की त्यांना तोच प्रश्न आधीच पडला होता.

उघडी खिडकी

आता आचोळ्यात परत येऊ. इथला माणूस दिवसभरात कशात बसतो? रिक्षा, बस, लोकल. २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली. तिचे दरवाजे बंद होतात, काचा बंद असतात. साध्या लोकलच्या दारात उभं राहिल्यावरचा आवाज आणि एसी लोकलमधला आवाज यांतला फरक कुठल्याही अल्गोरिदमशिवाय पडलेला आहे. दार लागतं म्हणून. आवाज कमी करायचा सगळ्यात खात्रीचा उपाय अजूनही दार लावणं हाच आहे. पण दार लावलं की एसी लागतो, आणि एसीचे पैसे लागतात.

केबिनमधल्या एएनसीचं बहुतेक संशोधन तिथून पुढे सुरू होतं, जिथे काच आधीच बंद आहे. वरच्या गणितात बघितलंत तसं, काच बंद असेल तरच त्याचा आकडा छान दिसतो. ज्याने थोडी शांतता आधीच विकत घेतली आहे त्याला आपण आणखी थोडी देतोय. ज्याची खिडकी उघडीच राहणार आहे, त्याच्यासाठी प्रश्न वेगळा आहे, आणि तो फार कमी लोक विचारतात.

कमी, पण विचारतात. सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गटाचा २०२० चा पेपर 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आहे, कुणालाही फुकट वाचता येतो. तो गाडीबद्दल नाही, घराच्या उघड्या खिडकीबद्दल आहे. खिडकीच्या गजांवर २४ छोटे स्पीकर बसवून त्यांनी बाहेरून येणारा आवाज खिडकीतच गाठला. रहदारी, रेल्वे, विमान, असे खरे आवाज वाजवून बघितले. ३०० ते १००० हर्ट्झमध्ये १० डेसिबलपर्यंत घट. एका माणसाच्या डोक्याभोवती गोळा करण्याऐवजी आवाज दारातच थांबवायचा, ही यातली खरी कल्पना. तसं झालं तर आत कुठेही बसा, 'कुठल्या सीटवर' हा प्रश्न बराचसा मिटतो.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. लहान स्पीकरला ३०० हर्ट्झच्या खाली जोर नाही. प्रयोग नमुन्याच्या खोलीत झाला, जिथे आवाज कुठून येणार हे माहीत होतं. रिक्षात आवाज समोरून, बाजूने, सीटखालून, सगळीकडून येतो. शिवाय सिंगल सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ३६०० फेऱ्यांवर असेल तर मूळ कंप्रता येते ३० हर्ट्झ. ती लहान स्पीकरच्या आवाक्याबाहेर. हॉर्नची तर गोष्टच सोडा. तो कधी वाजणार हे आधी कळत नाही, आणि कळलं तरी चालकाच्या कानापासून तो लपवायचा का, हा वेगळा प्रश्न आहे. पण यातल्या प्रत्येक मर्यादेत एक मोजता येण्यासारखा प्रश्न आहे. तुम्ही ज्याला 'रिसर्च गॅप' म्हणून शोधताय, ती ही.

मग विषय घ्यावा का?

घ्या. पण सिनॉप्सिस लिहिण्याआधी तुमच्या विषयातले दहा पेपर काढा आणि प्रत्येकासमोर चार उत्तरं लिहा. आवाज आणि मार्ग खऱ्या वाहनात मोजलेत की उसने आणलेत? घट मोजणारा माइक अल्गोरिदमच्या माइकपेक्षा वेगळा आहे का? डेसिबल भारित आहेत की नाहीत, आणि कुठल्या कंप्रतापट्ट्यातले? एएनसी बंद असताना खिडकी उघडी होती की बंद? चार रकान्यांचा हा तक्ता भरायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे कळलं, ते आधीच्या दीड वर्षात कळलं नव्हतं. सगळ्यात जास्त रिकामी जागा शेवटच्या रकान्यात आहे.

सोपं नाही, हेही सांगते. डिस्कवरचं सिम्युलेशन चार महिन्यांत पेपर देतं. खऱ्या गाडीत मोजायला गाडी लागते, परवानगी लागते, माइक कॅलिब्रेट करावे लागतात, आणि येणारा आकडा २० ऐवजी ३ असतो. आरआरसीपुढे २० सांगणं सोपं असतं. तरी आपण महाराष्ट्रात आहोत, गाड्या इथेच बनतात, पुण्यात १९६६ पासून एआरएआयसारखी वाहन-संशोधन संस्था आहे. आवाज मोजायचे रस्तेही आपल्याकडे कमी नाहीत.

माझं स्वतःचं सांगायचं तर ते जुनं प्रकरण थीसिसमध्ये अजून आहे, पण त्याचं नाव बदललं. आधी होतं 'वाहनाच्या केबिनमधील ध्वनिनियंत्रण'. आता आहे 'ठरावीक दुय्यम मार्गावरील अल्गोरिदमची तुलना'. गाइड म्हणाले, आता शीर्षक फार लहान दाव्याचं वाटतंय. मी म्हटलं, सर, दावा तेवढाच आहे.

पुढच्या प्रकरणासाठी मामाच्या रिक्षात चार माइक लावलेत. एक त्याच्या डोक्याशी, तीन मागे. हल्ली डाव्या बाजूने हाक मारली तर तो लगेच वळत नाही. रिक्षामुळेच असं मी म्हणणार नाही, त्यासाठी कानाची नीट तपासणी लागते, आणि त्याला तिथे न्यायचं माझ्या यादीत सगळ्यात वर आहे. एएनसीने त्याचा कान परत येणार नाही. वरच्या गणिताप्रमाणे उघड्या रिक्षात त्याला फारसा फरकही पडणार नाही. पण त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देता येईल. कुठल्या सीटवर किती, आणि कुठल्या सीटवर काहीच नाही.

वायर सीटखालून ओढताना तो म्हणाला, "मधल्या सीटचा माइक जरा उंच लाव. मधे बसणारा नेहमी पुढे वाकलेला असतो." हे कुठल्याही पेपरात नव्हतं. मी माइक वर सरकवला आणि वहीत उंची लिहून ठेवली.